पाहुण्यांनी पेरलेलं गवत

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पहिलं गवत लावलं ते घरी आलेल्या पाहुण्यांनी, तेही शाईने! पार्कच्या रचनेसाठीच्या 1858 च्या स्पर्धेकरता फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी भलामोठा आराखडा काढायला घेतला. गवत म्हणजे बारीक ठिपके नि रेघोट्या, आणि ते काही संपेना. मग व्हॉक्स यांच्याकडे गप्पा मारायला येणारा प्रत्येक जण थोडं गवत ‘लावून’ जाऊ लागला. 33 प्रवेशिकांत त्यांची सगळ्यांत शेवटी दाखल झाली आणि तिनेच बाजी मारली. सोबतच्या तक्त्यांवर ओसाड जागेचे फोटो होते आणि तिथेच उद्या काय दिसेल, याची रंगीत चित्रं.

ही ‘आधी-नंतर’ची करामत इंग्लंडच्या हम्फ्री रेप्टन या उद्यानरचनाकाराने त्याआधी सत्तरेक वर्षं सुरू केली होती. गिऱ्हाइकाच्या हाती तो लाल चामड्याची वही द्यायचा. आत जलरंगातलं चित्र, चित्रावर कागदाची झडप. झडप खाली असताना जागा आज आहे तशी. उचलली की तळं, झाडी, मोकळी हिरवळ! 1816 च्या पुस्तकात त्याने स्वतःच्या अंगणाचंही असं चित्र दिलं. झडपेवर समोरचं खाटकाचं दुकान आणि कुंपणाशी आलेला भिकारी. झडपेखाली फुलझाडं, भिकारी गायब. मला हे चित्र खटकतं. आजच्या चकचकीत थ्रीडी चित्रांतूनही गरीब माणूस असाच पुसला जातो.

नकाशाचंही चित्र असतं बरं का! अकबराच्या काळात रंगवलेल्या ‘बाबरनामा’तल्या एका चित्रात बाबर बाग आखून घेतोय, आणि समोरच्या स्थपतीच्या हातात चौकटी आखलेला फलक आहे.

मॉडेल तर त्याहून कितीतरी जुनं. इजिप्तमधल्या मेकेत्रे या बड्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे 4000 वर्षांपूर्वीची लाकडी बाग सापडली. भोवती उंबराच्या जातकुळीची झाडं, फळं थेट खोडाला लगडलेली. मधल्या इवल्या तळ्याला आतून तांब्याचा पत्रा, खरं पाणी राहावं म्हणून! मेलेल्या धन्याला कायमची सावली मिळावी, यासाठी हा खटाटोप.

काही मॉडेलांना मात्र फार वाट पाहावी लागली. शिल्पकार इसामू नोगुचींनी 1933 मध्ये मुलांना खेळायला अख्खा डोंगरच सुचवला. न्यूयॉर्कने तो नाकारला. अखेर जपानच्या साप्पोरोतल्या मोएरेनुमा पार्कमध्ये तो उभा राहिला. 1988 मध्ये पार्कचा आराखडा करून नोगुची त्याच वर्षी वारले. 2005 मध्ये पार्क पूर्ण झाला.