वाचू न शकणाऱ्या उंदरांची साक्ष

ज्या प्राण्याला वाचता येणे मुळातच शक्य नाही, त्याच्यावर वाचनदोषाचा अभ्यास करावा, हे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. तथापि अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले आणि त्यातून निघालेला विचार प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावा असा आहे.

१९७९ साली आल्बर्ट गॅलाबर्डा व टॉमस केम्पर यांनी डिस्लेक्सिया असलेल्या एका तरुणाच्या मेंदूचे मरणोत्तर सूक्ष्म परीक्षण प्रसिद्ध केले. १९८५ साली अशा चार मेंदूंचा वृत्तांत आला. मेंदूच्या बाह्यपटलात, विशेषतः डाव्या बाजूच्या भाषाक्षेत्रांभोवती, काही पेशी अस्थानी आढळल्या. काही ठिकाणी पटलाची घडीच बिघडलेली होती. पेशींचे हे स्थलांतर गर्भावस्थेत होते. म्हणजे मूल पाटीला हात लावण्याच्या कितीतरी आधी हा फरक पडलेला असतो.

परंतु मृत मेंदू ऐकत नाही, उत्तरही देत नाही. म्हणून नवजात उंदरांच्या कवटीला अतिशीत सळईचा क्षणभर स्पर्श करून तसाच दोष निर्माण करण्यात आला. हे उंदीर मोठे झाल्यावर त्यांना एकामागून एक दोन स्वर ऐकविले. १९९४ साली हॉली फिच व सहकाऱ्यांनी दाखविले की, स्वर सावकाश आले तर या नरांना भेद कळे. स्वर झपाट्याने आले की कळेनासा होई. १९९७ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. अशा नरांमध्ये श्रवणसंदेश पुढे पोहोचविणाऱ्या थॅलॅमसमधील केंद्रात मोठ्या पेशी कमी व लहान पेशी अधिक होत्या. मादींमध्ये मात्र हा बदल दिसला नाही.

याचा भाषेशी संबंध काय? ‘बार’ आणि ‘दार’ यांतील भेद सेकंदाच्या काही शतांश भागांत घडणाऱ्या ध्वनिबदलावर अवलंबून असतो. तो निसटला, तर ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालणे अवघड जाणार, असा हा तर्क आहे.

अर्थात तर्क म्हणजे सिद्धांत नव्हे. तपासलेले मानवी मेंदू मोजकेच होते. वाचनदोष असलेल्या सर्वच मुलांना श्रवणाची ही अडचण नसते. २०१८ साली झालेल्या एका चिकित्सक आढाव्याने पेशी-स्थलांतराच्या उपपत्तीचा पुरावा अपुरा ठरविला. तेव्हा उंदरांच्या प्रयोगांचा हवाला देऊन कोणी हमखास उपचार विकू लागल्यास पालकांनी सावध असावे.

मात्र कारणमीमांसेचा वाद मिटेपर्यंत मुलाने छडी सोसावी काय? आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. कायद्याने जे मानले, ते वर्गात मानले जाण्यास विलंब का व्हावा? अडखळणाऱ्या मुलाला ‘आळशी’ अथवा ‘मठ्ठ’ म्हणणे सोपे आहे. ध्वनी सुटा करून, सावकाश, पुन्हापुन्हा शिकविणे कष्टाचे आहे. परंतु अध्यापन म्हणतात ते यालाच.