उद्योगाचे नाव: सोपे नाव आणि स्वतःचे नाव

रायपूरहून बिलासपूरकडे निघाले की वाटेत सिलतरा औद्योगिक क्षेत्र लागते. स्पंज आयर्न, बिलेट, सळया हा येथील माल; त्यामुळे फलकांवर 'इस्पात', 'स्टील', 'अलॉय' हेच शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. नव्या उद्योजकाला वाटते, आपल्या नावातही ते असावेत, म्हणजे माल कोणता ते गिऱ्हाइकाला लगेच कळेल. अडचण येथेच सुरू होते. पहिल्या दिवशी सर्वांत सोपे वाटणारे नाव आपल्या एकट्याचे करणे सर्वांत कठीण असते.

समजा, कोणी 'सिलतरा टीएमटी' हे नाव घेतले. सिलतरा हे ठिकाण सर्वांचे आणि टीएमटी हे सळईवरील उष्णता-प्रक्रियेचे नाव; मग त्यात त्याचे स्वतःचे काय उरले? व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 च्या कलम 9 नुसार केवळ मालाचा प्रकार, गुण किंवा उत्पत्तिस्थान सांगणाऱ्या चिन्हाची नोंदणी सहसा नाकारली जाते. वापरामुळे ते आधीच त्या उद्योगाची ओळख बनले असेल, तरच अपवाद.

असे नाव पुढे तोकडेही पडते. येथील सारडा एनर्जी अँड मिनरल्स या कंपनीचे पूर्वीचे नाव रायपूर अलॉयज अँड स्टील होते. गाव आणि धातू सांगणाऱ्या त्या नावात वीज व खनिजे मावत नव्हती. याउलट गोदावरी पॉवर अँड इस्पात हे नाव पाहा. रायपूर महानदीच्या खोऱ्यात आहे, गोदावरी तिथून दूर. तरी लक्षात राहते ती गोदावरीच.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण कॅम्लिनचे. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. उंटाचा शाईशी काय संबंध? काहीच नाही, आणि म्हणूनच 'कॅमल' दुसऱ्या कोणाच्या शाईत मिसळले नाही. रंग, पेन्सिली, कंपासपेट्या आल्या तरी नाव अडले नाही.

नाव वेगळे असणे म्हणजे एखादे अक्षर बदलणे नव्हे. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दोन्ही नावांचा एकूण ठसा पाहिला. गिऱ्हाईक नावाची फोड करत बसत नाही, अर्धवट आठवणीवर माल मागते. म्हणून ही नावे फसगत होण्याइतकी सारखी ठरली. मात्र अमृतधारावाले वर्षानुवर्षे गप्प बसले होते, त्यामुळे लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळालीच. (हा भाग विद्यार्थी हमखास विसरतात.)

नाव कागदावर ठरवू नये, फोनवर सांगून पाहावे. मराठी उद्योजकाने छत्तीसगडात 'काळभैरव' नाव घेतले, तर हिंदी बोलणारा ट्रकचालक 'कालभैरव' म्हणेल आणि बिल्टीवरही तेच लिहिले जाईल. रोमन लिपीत तर 'ळ' आणि 'ल' यांत फरकच उरत नाही. ज्या बाजारात माल विकायचा, त्या बाजाराच्या तोंडी नाव बसले पाहिजे.

शेवटी एक नेहमीचा गोंधळ. कंपनी निबंधकाने नाव मंजूर केले म्हणजे व्यापारचिन्हाचा हक्क मिळाला असे नाही. व्यापारचिन्ह नोंदवहीत आपल्या मालाच्या वर्गात वेगळा शोध घ्यावा लागतो. सळयांसाठी वर्ग 6, मसाल्यांसाठी 30. नोंदणी 10 वर्षांची असते आणि नूतनीकरण करता येते. हा शोध फलक रंगवण्यापूर्वी घ्यावा.