मंडईच्या आधी बैठकीची खोली



दिवाळी झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई, व्याही, मामा-मावश्या येतात, रात्री नाटक असते. त्याआधी घरोघरी एकच काळजी असते, पाहुण्यांना बसवायचे कुठे?

आमच्या गटातही हाच विषय निघाला. आमची बैठक पाळीपाळीने एकेकीच्या घरी होते. एक ताई मात्र आपली पाळी नेहमी पुढे ढकलायच्या. पुढे त्या बैठकीलाच येईनाशा झाल्या. एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "मला सोफ्यासाठी बारा हजार कर्ज द्या. तुम्हाला बोलवायला माझ्या घरी जागा बरी नाही."

आम्ही तिथेच वहीवर हिशेब मांडला. आमच्या गटाचे व्याज महिन्याला दोन टक्के. महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडले तर वर्षभरात व्याज होते 1,560 रुपये. म्हणजे सोफा पडतो 13,560 रुपयांना. ताई गप्प झाल्या. आम्ही म्हटले, कर्ज कुठे पळून जात नाही. आधी आपण सगळ्या मिळून खोली बघू.

खोलीत गेल्यावर दिसले की जागा कमी नव्हती, सामान जास्त होते. धानाची पोती, सायकल, फवारणीचा पंप, औषधाचे डबे, सगळे तिथेच. पोती मागच्या खोलीत विटांवर फळी टाकून रचली. पंप आणि औषध घराबाहेरच्या कोठीत कुलपात ठेवले. विषारी औषध बसण्या-झोपण्याच्या जागी कधीच ठेवू नये, लहान मुलांच्या घरी तर नाहीच.

मग उजेडाचे बघितले. भिंती धुराने काळवंडल्या होत्या, आणि काळी भिंत उजेड गिळते. भिंती झाडून, भेगा बुजवून चुना लावला. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवावा. पाणी पडताच तो उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवा, डोळे आणि हात जपा. सकाळी गाळून त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. चुना हवा लागून हळूहळू घट्ट होतो, म्हणून पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, मग दुसरा. एकदम जाड लावला की पापुद्रे सुटतात. छतात एक काचेचे कवेलू बसवले, तर दिवसा दिवा लावायची गरज उरली नाही.

रात्रीसाठी 60 वॅटचा जुना बल्ब काढून 9 वॅटचा एलईडी लावला. उजेड जवळपास तेवढाच. रोज पाच तास जळला तर जुन्याला महिन्याला 9 युनिट लागायचे, नव्याला दीड युनिटही लागत नाही.

बसायला घरातली बाज होती. तिची दोरी ताणून घेतली आणि पेटीतली गोधडी धुऊन वर घातली. खाली सारवलेल्या जमिनीवर शिंदीच्या चटया टाकल्या. बाज आधी दाराच्या मधोमध होती, ती भिंतीला लावली. आता सगळ्यांची तोंडे एकमेकींकडे होतात, कोणी कोणाच्या पाठीमागे बसत नाही. जुन्या सुती साडीचा पडदा आतल्या दाराला शिवला. चुलीचा धूर बाहेरच्या खोलीत येणे त्याने बरेच कमी झाले, आणि आत काम करणाऱ्या सुनेलाही आडोसा मिळाला.

खर्च असा आला: चुना, डिंक, नीळ 300 रुपये, एलईडी 100, काचेचे कवेलू 150, दोरा आणि खिळे 60. एकूण 610 रुपये. मेहनत मात्र आम्हा सहाजणींची, दोन दिवसांची.

पुढच्या आठवड्याची बैठक ताईंच्याच घरी झाली. चटईवर गोल बसून वही लिहिली, काळा चहा झाला. सोफा घ्यायचे ताईंच्या मनात अजूनही आहे, आणि त्यात काही वाईट नाही. त्यासाठी त्या आता वेगळी बचत टाकतात.

तुमच्याही गटात कोणी पाळी टाळत असेल, तर तिला दंड लावण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन या. जाताना खराटा आणि चुन्याचा डबा बरोबर न्या.