तीन फुटांचा प्रश्न: सॉफ्टबॉलमधले पिचिंगचे अंतर आणि वाढत्या वयाची मुले

आजचा विषय दिसायला लहान आहे, पण त्यापायी दरवर्षी कितीतरी चांगल्या पिचर मुली नाउमेद होतात. कालपर्यंत बारापैकी आठ चेंडू नेमके टाकणारी मुलगी वरच्या वयोगटात जाते आणि अचानक तिचे चेंडू होम प्लेटच्या अलीकडेच मातीत पडू लागतात. घरी म्हणतात, सराव कमी पडतोय. मुलीला वाटते, आपल्याला आता जमतच नाही. प्रत्यक्षात बदललेले असते ते फक्त अंतर.

आधी आकडे पाहून घेऊ. अमेरिकेत मुलींच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये साधारणपणे १० वर्षांखालील गटाला ३५ फूट, १२ वर्षांखालील गटाला ४० फूट आणि १४ वर्षांपासून पुढे ४३ फूट अंतर असते. आंतरराष्ट्रीय महिला सामनेही ४३ फुटांवरच होतात, पुरुषांचे ४६ फुटांवर. तिथल्या हायस्कूलमध्ये पूर्वी ४० फूट अंतर होते. २०१०-११ पासून ते ४३ करण्यात आले, कारण पिचरचे पारडे फार जड झाले होते. आपल्यापैकी काहींच्या मुली, भाच्या, पुतण्या तिकडे खेळतात, त्यांच्यासाठी हे आकडे रोजचे आहेत. महाराष्ट्रातही शालेय आणि जिल्हा पातळीवर सॉफ्टबॉल भरपूर खेळला जातो. त्या मंडळींनी आपल्या स्पर्धेचे नियमपत्रक पाहून अंतराची खात्री करून घ्यावी.

आता मोजायचे कुठून? इथे फार गोंधळ होतो. अंतर मोजतात ते होम प्लेटच्या मागच्या टोकापासून पिचिंग प्लेटच्या पुढच्या कडेपर्यंत. पुष्कळ पालक अंगणात टेप लावतात ती होम प्लेटच्या पुढच्या कडेला. होम प्लेट पुढून मागे १७ इंच आहे. म्हणजे मूल नकळत जवळजवळ दीड फूट लांबून टाकत राहते. तीन फुटांच्या बदलात दीड फुटाची चूक म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. म्हणून पहिले काम हेच: टेप नीट लावा.

आता चेंडूचे काय होते ते पाहू. समजा, एक मुलगी ताशी ४५ मैल वेगाने टाकते. चेंडू हातातून सुटतो तो पिचिंग प्लेटच्या साधारण सहा फूट पुढे, कारण तिने मोठे पाऊल टाकलेले असते. म्हणजे ४० फुटांवर चेंडूचा खरा प्रवास ३४ फुटांचा आणि ४३ फुटांवर ३७ फुटांचा. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर पहिल्या प्रवासाला साधारण ०.५२ सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.५६. या जास्तीच्या वेळात गुरुत्वाकर्षण आपले काम करते. तिने अगदी पूर्वीसारखाच, त्याच कोनात चेंडू सोडला तरी तो होम प्लेटवर सुमारे पाच इंच खाली येतो. कालचा गुडघ्यावरचा स्ट्राइक आज गुडघ्याखालचा बॉल ठरतो.

मग दुरुस्ती किती हवी? हिशेब केला तर चेंडू सोडण्याचा कोन जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडा जास्त वर जायला हवा. बस, एवढेच! जादा ताकद लागत नाही. पण मुलांना हे कोणी सांगत नाही. त्यांना समोर दिसते ते लांब गेलेले कॅचरचे ग्लव्ह, आणि शरीर आपोआप म्हणते, जोर लाव.

इथूनच खरे नुकसान सुरू होते. जोर लावणारी मुलगी कशी ओळखायची? तीन खुणा सांगतो. एक, ती कमरेतून पुढे वाकते, हनुवटी पावलाच्याही पुढे जाते. दोन, खांदे कानाकडे चढतात आणि हाताचे चक्र सैल राहत नाही. तीन, चेंडू हातातून कधी लवकर, कधी उशिरा सुटतो, त्यामुळे एक चेंडू मातीत आणि पुढचा कॅचरच्या डोक्यावरून. काही जणी मागच्या पायाने उडी मारून दुसऱ्या जागेवरून पुन्हा रेटा घेतात. तो तर नियमभंगच आहे.

‘खालून टाकतात, त्यात खांद्याला काय होणार?’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे खरे नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचरांच्या चित्रीकरणावर अभ्यास झाला. त्यात खांद्यावर येणारी ओढ शरीराच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास आढळली. त्या तर मोठ्या, तयार खेळाडू होत्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने बिघडलेल्या तंत्राने रोज शंभर चेंडू टाकले, तर दुखणे ओढवणारच.

मग सराव कसा घ्यायचा? एक जुना पण उपयोगी प्रयोग आहे. १९७८ मध्ये केर आणि बूथ या अभ्यासकांनी आठ वर्षांच्या मुलांना लहान पिशव्या लक्ष्यावर टाकायला दिल्या. एका गटाने फक्त तीन फुटांवरून सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवर झाली, आणि सरस ठरला तो दुसरा गट, ज्याने तीन फुटांवरून सराव केलाच नव्हता! अंतर बदलत राहिले की शरीर एकच हालचाल पाठ करत नाही, अंतराचा अंदाज घ्यायला शिकते. गल्लीत जागा मिळेल तेवढ्या खेळपट्टीवर क्रिकेट खेळलेल्या पोरांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा नवा गट सुरू व्हायच्या महिनाभर आधीपासून असे करू या. पिचिंग प्लेट हलवायची नाही, कॅचर हलवायचा. पहिल्या आठवड्यात दहा चेंडू ४० फुटांवर, दहा ४३ वर, पुन्हा दहा ४० वर. दुसऱ्या आठवड्यापासून पाच-पाच चेंडूंनी अंतर बदलायचे, मधूनच ३८ वर यायचे. शेवटच्या आठवड्यात अंतर कुठल्याही क्रमाने बदलायचे. चेंडूंची एकूण संख्या मात्र वाढवायची नाही. कॅचरने ग्लव्ह नेहमीपेक्षा पाच इंच वर धरायचे. मुलीला ‘जोरात टाक’ म्हणायचे नाही, ‘तसाच टाक, फक्त ग्लव्हकडे बघ’ एवढेच म्हणायचे. आणि हा महिनाभर वेग मोजायचे यंत्र पिशवीतच राहू द्या.

३५ वरून ४० वर जाणाऱ्या लहान मुलींची गोष्ट आणखी अवघड आहे. त्यांचे अंतर पाच फुटांनी वाढते आणि त्याच वेळी चेंडूही ११ इंच परिघाचा जाऊन १२ इंचांचा येतो, वजनही थोडे वाढते. लहान बोटांना दोन्ही बदल एकदम झेपत नाहीत. आधी जुन्या अंतरावर नवा चेंडू द्या, पकड बसू द्या, मग मागे सरका.

शेवटी पालकांना एक विनंती. पहिल्या दोन-तीन सामन्यांत चालत दिलेल्या बॅटरांची संख्या मोजत बसू नका. मुलगी ताठ उभी राहून, सैल हाताने चेंडू सोडते आहे का, तेवढे बघा. ते ठीक असेल तर राहिलेला अर्धा अंश ती स्वतःच शोधते.

आता प्रश्न घेऊ या.