राखीव प्रतीची परीक्षा

ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा नमुना ८, शाळेचे जनरल रजिस्टर, कार्यालयाचा पत्रव्यवहार असे पूर्वी कपाटात बंद असणारे दप्तर आता मोठ्या प्रमाणावर संगणकात आले आहे. त्याची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, घेण्याचा शिरस्ताही अनेक कार्यालयांत पडला आहे. परंतु घेतलेली प्रत प्रसंगी परत उतरवता येते किंवा नाही, हे पाहण्याचा शिरस्ता मात्र क्वचितच आढळतो.

या उणिवेचे मोल काय पडते, याचा बोध गिटलॅब या सेवेच्या अनुभवावरून होतो. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम एकत्र साठवून ठेवणारी ही सेवा जगभर वापरली जाते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या दुय्यम सर्व्हरवरील बिघाड दूर करीत असताना एका अभियंत्याने तेथील निरुपयोगी झालेली माहिती पुसण्याची आज्ञा दिली. ती चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. चूक ध्यानात येऊन काम थांबवेपर्यंत एक-दोन सेकंदच गेले. तेवढ्यात सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट शिल्लक राहिली.

असा हात चुकणे कोठेही संभवते. नवल वाटावे असा भाग पुढचा आहे. माहितीकोशाची एक प्रत दररोज तयार होऊन दूरच्या साठ्यात जाते, अशी समजूत होती. तो साठा उघडला तेव्हा तो रिकामा निघाला. प्रत काढणारा प्रोग्राम ९.२ या जुन्या आवृत्तीचा आणि माहितीकोश ९.६ या नव्या आवृत्तीचा. दोहोंचा मेळ न बसल्यामुळे प्रत निघतच नव्हती. ती निघाली नाही असे कळविणारे ई-मेल यंत्रणा पाठवीत होती. परंतु प्रेषकाची ओळख पटविणारी खूण त्यांवर नसल्याने ते स्वीकारले जात नव्हते. डिस्कच्या छायाप्रती घेण्याची आणखी एक सोय होती, ती माहितीकोशाच्या सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती. अखेर एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी स्वतः घेतलेली प्रत उपयोगी पडली. ती संथ डिस्कवर असल्यामुळे हलविण्यास सुमारे अठरा तास लागले. लोकांनी लिहिलेले प्रोग्राम निराळ्या ठिकाणी असल्याने वाचले. परंतु मधल्या तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि सुमारे ७०० नवी खाती कायमची गेली.

कंपनीने पुढे या प्रकरणाचा अहवाल आडपडदा न ठेवता प्रसिद्ध केला. राखीव प्रतींची नियमित तपासणी का झाली नाही, या प्रश्नाचे त्यातील उत्तर प्रत्येक कार्यालयप्रमुखाने वाचावे असे आहे. ते काम कोणा एकाकडे सोपविलेलेच नव्हते.

प्रत मुळातच नसणे हा याहून उघड दोष. तोही मोठ्या शासनव्यवस्थांत आढळतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्रास आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवणारा तेथील ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. त्याची बाहेर कोठेही प्रत नव्हती.

प्रत पूर्ण झाल्याचा संदेश पडद्यावर दिसला म्हणजे तपासणी झाली, असे मानता येत नाही. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी लागते. चालू दप्तरावर ती कधीही उतरवू नये. जुनी प्रत नव्या नोंदी पुसून टाकील. उतरविल्यानंतर शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, मिळकतींची किंवा विद्यार्थ्यांची संख्या मूळ दप्तराशी जुळते काय आणि मागणीची बेरीज तीच येते काय, हे पाहावे. काही फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मराठी मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांच्या रूपाने दिसतो. फाइल सुखरूप असूनही वाचता येत नाही, तेव्हा फाँटही प्रतीसोबत जपलेला बरा. प्रतीस पासवर्ड असेल आणि तो केवळ बदली होऊन गेलेल्या लिपिकालाच ठाऊक असेल, तर ती प्रत असून नसल्यासारखीच; हेही अशा तपासणीतच उघडकीस येते.

हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेली ठेवण्याची सवय सोयीची खरी, परंतु खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा विषाणू संगणकात शिरला तर तो त्या डिस्कवरील प्रतीसही सोडत नाही. एक प्रत सुटी, शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावी. इंटरनेटवरील साठ्याशी फोल्डर जुळवून ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. येथे पुसलेली फाइल तेथूनही पुसली जाते, आणि ती परत मिळविण्याची मुदत बहुधा थोड्या दिवसांचीच असते.

तपासणीसाठी खर्चिक साधने लागत नाहीत. दर तिमाहीस एक दुपार राखून ठेवावी आणि हे काम एका कर्मचाऱ्यास नावानिशी सोपवावे. तपासणीची तारीख, प्रतीची तारीख, ती उतरविलेला संगणक, लागलेला वेळ आणि न उघडलेल्या फाइली असे पाच रकाने असलेली साधी वही पुरेशी आहे. नागरिकांची व्यक्तिगत माहिती असलेली ही चाचणीची प्रत काम संपताच पुसून टाकावी. आणि त्या कर्मचाऱ्याची बदली झाल्यास वही व पासवर्ड यांचा उल्लेख कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत करावा.