कमानीतली पाटी

मुंबईच्या फोर्टमध्ये नवं दुकान थाटणाऱ्याच्या कामांत पाटीचा नंबर सहसा शेवटचा असतो. भाडेकरार होतो, फर्निचर लागतं, माल येऊन पडतो आणि उद्‌घाटनाला चार दिवस उरले की पाटीवाल्याला फोन जातो. दारावर जेवढी जागा दिसते तेवढी मोठी, आतून उजळणारी पाटी चढते. थोड्याच दिवसांत महापालिकेची नोटीस येते आणि तेव्हा दुकानदाराला कळतं की आपली इमारत हेरिटेज यादीत आहे. पाटीचे पैसे गेलेले असतात. ती उतरवायचा खर्च वेगळा.

हा मनस्ताप टाळता येतो, पण त्यासाठी नियम आधी माहीत हवा. मुंबईची वारसा नियमावली १९९५ची. शहराच्या पातळीवर असा कायदेशीर बंदोबस्त करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसरांची यादी तयार झाली आणि त्यांना श्रेणी मिळाल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू आल्या, दुसऱ्या श्रेणीत (तिचे अ आणि ब असे दोन भाग) शहराच्या दृष्टीने मोलाच्या, आणि तिसऱ्या श्रेणीत त्या त्या वस्तीला रूप देणाऱ्या. नियमातलं एक कलम बहुतेकांना ठाऊक नसतं. यादीतल्या इमारतीत मोडतोड किंवा वाढीव बांधकामच काय, साधा रंग द्यायचा झाला तरी आयुक्तांची लेखी परवानगी लागते. रंगाला परवानगी लागते तिथे दर्शनी भागावर आठ फुटी पाटी ठोकायला ती लागणारच.

आयुक्तांना सल्ला देते ती मुंबई वारसा संवर्धन समिती, बोलीभाषेत ‘हेरिटेज कमिटी’. दुकानदार अर्ज करतो तो मात्र वॉर्ड ऑफिसच्या अनुज्ञापन खात्यात, म्हणजे लायसन्सवाल्यांकडे. फोर्ट आणि कुलाबा ‘ए’ वॉर्डात येतात. महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात जाहिरात फलकांसाठी कलम ३२८-अ आहे. आपल्याच दुकानाचं नाव सांगणारी, दिवे नसलेली साधी पाटी आणि प्रकाशित फलक यांत ते फरक करतं. साध्या पाटीला तिथे सवलत आहे. नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. एका कायद्याने दिलेली ही सवलत वारसा नियमावलीतून सुटका करत नाही. लायसन्स खात्याला पाटीशी देणंघेणं असतं, हेरिटेज कमिटीला पाटीमागच्या भिंतीशी.

आणि भिंतीचं दुखणं खरं आहे. फोर्टातल्या जुन्या इमारतींचा दर्शनी भाग बहुधा दगडी आहे. कुर्ल्याचा किंवा मालाडचा दगड, नक्षीकामाला पोरबंदरचा. जड पाटी पेलायला कामगार ड्रिल घेऊन थेट दगडात भोकं पाडतो आणि त्यात लोखंडी बोल्ट ठोकतो. दोन पावसाळ्यांत बोल्ट गंजतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि दगडाला आतून चीर देतं. चिरेत पाणी मुरतं, तांबडे ओघळ खाली उतरतात आणि एक दिवस कोरीव कंगोऱ्याचा तुकडा फुटपाथवर येतो. दुकानदार पाच वर्षांनी पाटी बदलतो तेव्हा जुनी भोकं तशीच राहतात आणि शेजारी नवी पडतात. म्हणून जाणकार सांगतात की आधार घ्यायचाच तर दगडांमधल्या सांध्यात घ्यावा, तिथला चुना पुन्हा भरता येतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा असावा आणि पाटी हलकी असावी.

पाटी कुठे बसवावी, या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर दादाभाई नौरोजी रोडवर शोधलं गेलं. क्रॉफर्ड मार्केटकडून फ्लोरा फाउंटनकडे जाणारा हा रस्ता पूर्वीचा हॉर्नबी रोड. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला आणि या भागाचा कायापालट सुरू झाला. १८९६मध्ये सरकारने नियम केला की या रस्त्यावरच्या इमारतींनी तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींखालून वाट ठेवायची. त्यामुळे मालक निराळे, वास्तुशैली निराळ्या, एक इमारत गॉथिक तर शेजारची ग्रीक-रोमन वळणाची, तरी खालची कमानींची ओळ सलग राहिली. मुंबईच्या उन्हापावसात चालणाऱ्या माणसाचा इतका विचार करणारे रस्ते या शहरात फार थोडे आहेत.

शंभर वर्षांनी त्याच कमानी पाट्यांखाली गडप झाल्या होत्या. एका दुकानाने कमान झाकली की शेजाऱ्याला दिसेनासं होण्याची भीती वाटे आणि तो दोन फूट पुढे येई. वरच्या मजल्यांवरचे वकील, डॉक्टर, प्रवासी कंपन्या सज्ज्यांवर आणि खिडक्यांखाली आपापले फलक लावत. शेवटी कोणाचीच पाटी धड वाचता येत नसे.

१९९८च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेशाच्या वारसा संवर्धन सोसायटीच्या पाठिंब्याने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास हाती घेतला. त्यांनी इमारतींच्या दर्शनी भागाची रेखाटनं केली आणि त्यांवर पाटीची जागाच आखून दाखवली. तत्त्व सोपं होतं. पाटी कमानीच्या आत बसावी, खांब, कठडे आणि नक्षी मोकळी राहावी, एका इमारतीतल्या पाट्यांची उंची एका रेषेत असावी. या सगळ्याची एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली. दुकानदार आणि रहिवासी ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ म्हणून एकत्र आले. शेजाऱ्याची पाटी आवरली म्हणून आपलीही आवरायला लोक तयार झाले, कारण आता कोणी कोणाला झाकत नव्हतं. २००४मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली.

या प्रयोगाचं मोठेपण रेखाटनात आहे. ‘इमारतीच्या सौंदर्याला बाधा येता कामा नये’ असं वाक्य नियमात लिहिणं सोपं. पण दुकानदाराला आणि पाटी करणाऱ्या पेंटरला ते वाचून काय कळणार? त्याला फूट आणि इंच हवे असतात. ते हातात दिले की वाद निम्म्याने संपतो. यादीतल्या प्रत्येक इमारतीसाठी असं एक चित्र महापालिकेने तयार ठेवलं आणि वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावलं, तर त्या चित्राबरहुकूम केलेल्या पाटीला समितीच्या बैठकीची वाट पाहायला लावायचं कारणच उरणार नाही. परवानगीची प्रक्रिया आज सामान्य दुकानदाराला जाचक वाटते ती नियमाच्या कडकपणापेक्षा त्याच्या मोघमपणामुळे.

आणखी एक अडचण या भागाची खास आहे. इथले कित्येक दुकानदार पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू, पागडीवाले. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून भाडी गोठलेली, त्यामुळे मालकाला इमारतीत रस नाही. दर्शनी भागावर काही करायचं तर मालकाचं ना-हरकत पत्र आणावं लागतं, आणि तो बऱ्याचदा ट्रस्ट असतो किंवा वारसांत भांडणं चालू असलेलं कुटुंब. अर्ज अडतो तो पुष्कळदा इथेच.

२०२२मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यातल्या लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. नाव देवनागरीत, सुरुवातीलाच, आणि मराठी अक्षर इतर कोणत्याही लिपीपेक्षा लहान नको. व्यापारी संघटना सुप्रीम कोर्टात गेली. २५ सप्टेंबर २०२३ रोजी कोर्टाने दोन महिन्यांत पाट्या लावा असं सांगितलं. घाईघाईत अनेकांनी जुनी इंग्रजी पाटी तशीच ठेवून तिच्यावर मराठीची दुसरी चढवली आणि कमानीचा उरलासुरला भागही झाकला. हे टाळता आलं असतं. दोन्ही नियम एकाच पाटीत सहज पाळता येतात. वर मराठी, खाली इंग्रजी, मधे मोकळी जागा, मागे प्लास्टिकचा डबा नको. शिरोरेषेने बांधलेली देवनागरी अक्षरं कमानीखालच्या आडव्या पट्टीत फार देखणी बसतात. सुलेखनाची इतकी चांगली परंपरा असलेल्या महाराष्ट्रात मराठी पाटी म्हणजे संगणकातला पहिला हाताला लागलेला फॉन्ट, हे चित्र बदलायलाच हवं.

लहान पाटीने धंदा बसतो, या भीतीला जगभरच्या बाजारांनी उत्तर दिलेलं आहे. ऑस्ट्रियात साल्झबर्गच्या गेट्राइडेगासे या जुन्या गल्लीत घडीव लोखंडाच्या नक्षीदार पाट्या टांगलेल्या असतात. तिथे मॅकडोनाल्डनेही आपलं सोनेरी अक्षर लहान करून त्याच नक्षीत बसवलं आहे. गल्ली गिऱ्हाइकांनी भरलेली असते. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या इस्माइल बिल्डिंगमध्ये २०१७मध्ये झाराने पाच मजली दुकान उघडलं ते दर्शनी भागाचं जतन करूनच. पुढे झाराने ती जागा सोडली. इमारतीचा चेहरा मात्र शाबूत राहिला.

पाटी म्हणजे वारशाची शत्रू, असंही मानू नये. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती आहेत. या ९४ इमारतींच्या समूहाला २०१८मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आर्ट डेको वास्तूंत नावाची अक्षरं ही रचनेचाच भाग असतात. १९३३चं रीगल किंवा १९३८चं इरॉस त्यांच्या अक्षरांवेगळं डोळ्यांपुढे आणताच येत नाही. अशा ठिकाणी जुनी अक्षरं काढून नवी बसवणं हेच नुकसान. जुन्या इराणी हॉटेलांच्या आणि औषधांच्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांनाही हेच लागू आहे. त्या खराब झाल्या तर दुरुस्त कराव्यात, टाकून देऊ नयेत.

तेव्हा जुन्या भागात दुकान किंवा ऑफिस घेत असाल तर पाटी करायला टाकण्याआधी इमारत यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, हे वॉर्ड ऑफिसात विचारा. मालकाचं ना-हरकत पत्र भाडेकराराच्या वेळीच लिहून घ्या. इमारतीचा समोरून फोटो काढून त्यावर पाटीची जागा, लांबी-रुंदी, जाडी, साहित्य, दिव्यांची सोय आणि बोल्ट कुठे येणार हे दाखवणारं रेखाटन अर्जाला जोडा. आणि लेखी परवानगी हातात पडेपर्यंत पाटीवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.