बर्फाळ रस्ता आणि सुटलेला ताबा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

११ फेब्रुवारी २०२१. टेक्सासमधलं फोर्ट वर्थ शहर. बर्फाची फारशी सवय नसलेल्या या भागात त्या पहाटे आय-३५ डब्ल्यू महामार्गावर १३०हून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सहा जणांचा जीव गेला. रस्त्यावर बर्फाचे ढीग नव्हते. हलकासा पाऊस पडता पडता गोठला आणि डांबरावर त्याचा पातळ थर धरला, एवढंच. कामावर निघालेल्या लोकांना समोर अपघात दिसत होता, पण गाडी थांबत नव्हती.

अमेरिकेत बर्फाळ रस्त्यांवरच्या अपघातांत दर वर्षी तेराशेहून अधिक माणसं मरतात, असं तिथल्या महामार्ग प्रशासनाची आकडेवारी सांगते. डॅलस, शिकागो, न्यू जर्सी, टोरांटो इथे आज हजारो मराठी घरं आहेत. डिसेंबर-जानेवारीत मुंबई-पुण्याहून मनालीला जाणारेही कमी नाहीत. यातल्या बहुतेकांनी गाडी शिकली ती घाटात आणि पावसाळ्यात. ते कौशल्य खरंच आहे. पण बर्फावर त्यातल्या काही सवयी उलट्या पडतात. म्हणून नेहमी कानावर येणारे समज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : बर्फ असला तर दिसेलच की!

वस्तुस्थिती : सर्वांत घातक बर्फ दिसत नाही. पाण्याचा पातळ थर हवेचे बुडबुडे न अडकता गोठला की काचेसारखा पारदर्शक होतो. खालचं काळं डांबर जसंच्या तसं दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. यालाच ब्लॅक आइस म्हणतात.

तो ओळखायच्या काही खुणा आहेत. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही. टायरचा घरघराट एकदम कमी होतो. स्टेअरिंग हातात हलकं लागतं. जागाही ठरलेल्या असतात. पूल आणि उड्डाणपूल सगळ्यांत आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून गार वारा लागतो. जमिनीची ऊब त्यांना मिळत नाही. डोंगरातली सावलीतली वळणं, झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं ते टप्पे, बोगद्याची तोंडं इथेही हाच धोका. मनालीहून सोलंगमार्गे अटल बोगद्याकडे जाताना एका वळणावर लख्ख ऊन आणि कोरडा रस्ता असतो. पुढचं वळण डोंगराच्या सावलीत असेल तर तिथला थर दुपारपर्यंत तसाच राहू शकतो.

गैरसमज २ : पारा शून्याच्या वर आहे, म्हणजे भीती नाही

वस्तुस्थिती : गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा हवेचा असतो, रस्त्याचा नाही. निरभ्र रात्री रस्ता आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवेपेक्षा जास्त गार होतो. हवा दोन-तीन अंश सेल्सिअसवर असतानाही डांबरावरचं पाणी गोठू शकतं. पहाट आणि सूर्योदयाच्या आसपासची वेळ त्यासाठीच जपायची.

दुसरी गोष्ट अनेकांना चकित करते. उणे वीस अंशांतल्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा असतो. वितळायच्या बेतातल्या बर्फावर पाण्याचा सूक्ष्म थर असतो आणि टायर त्यावर तरंगल्यासारखं सरकतं. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो, तिथे थोडी तरी पकड मिळते. म्हणून ‘आज हवा बरी आहे’ असं वाटणारा दिवसच जास्त धोक्याचा असू शकतो.

गैरसमज ३ : चाळीस-पन्नासचा वेग म्हणजे हळूच

वस्तुस्थिती : इथे आकडे नीट पाहायलाच हवेत. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७च्या आसपास असतो, ओल्या बर्फावर तो ०.१ किंवा त्याहूनही कमी होतो. म्हणजे पकड एक सप्तमांश उरते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर साधारण १४ मीटरमध्ये थांबते. तीच गाडी बर्फावर जवळजवळ १०० मीटर जाते. वेग ३०वर आणला तर हेच अंतर ३५ मीटरच्या आसपास येतं.

वळणाचंही तसंच. ३० मीटर त्रिज्येचं वळण कोरड्या रस्त्यावर ताशी ५०ला निघून जातं. बर्फावर २०च्या आत असाल तरच गाडी वळते. आणि उतार? दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली जाणाऱ्या उतारावर ०.१ गुणांकाचा बर्फ असेल, तर गणित सांगतं की चारही चाकांना पूर्ण ब्रेक लावूनही गाडी थांबणार नाही. घाटातल्या बर्फाळ उतारावर पायी चालायच्या वेगाने उतरणारे स्थानिक चालक भित्रे नसतात. त्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं.

गैरसमज ४ : आमची गाडी फोर-बाय-फोर आहे, आम्हाला काय होतंय?

वस्तुस्थिती : फोर-बाय-फोरमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. त्यामुळे गाडी जागेवरून सुटते, चढ चढते, बर्फात सहजी रुतत नाही. पण ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात. थांबण्यात आणि वळण्यात फोर-बाय-फोरचा फायदा जवळजवळ शून्य. उलट गाडी झटकन वेग घेते, म्हणून रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला उशिरा कळतं.

बर्फ पडल्यावर सोलंगच्या पुढे पोलीस पुष्कळदा फक्त फोर-बाय-फोर गाड्या सोडतात. वर चढताना गाड्या अडकून रस्ता बंद पडू नये म्हणून ती सवलत असते. उतरतानाची हमी म्हणून नव्हे.

गैरसमज ५ : एबीएस असलं की गाडी लवकर थांबते, नाहीतर ब्रेक थोडा थोडा मारायचा

वस्तुस्थिती : एबीएसचं मुख्य काम चाक जाम होऊ न देणं हे आहे. चाक जाम झालं की स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरते. एबीएसमुळे ब्रेक लावलेला असतानाही गाडी वळवता येते. थांबायचं अंतर मात्र दर वेळी कमी होत नाही. भुसभुशीत बर्फावर ते वाढतंसुद्धा, कारण तिथे जाम झालेलं चाक पुढे बर्फ साचवून रोध निर्माण करतं.

ब्रेक थोडा थोडा मारायचा सल्ला एबीएस नसलेल्या जुन्या गाड्यांचा. भारतात एप्रिल २०१९पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीत आणीबाणीच्या वेळी पेडल पूर्ण दाबून तसंच धरून ठेवायचं. पायाखाली पेडल थरथरेल, खडखड आवाज येईल. पहिल्यांदा अनुभव आला की लोक काहीतरी तुटलं समजून पाय उचलतात आणि नेमकी तीच चूक महागात पडते. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे.

गैरसमज ६ : गाडी घसरली की स्टेअरिंग गरकन उलट फिरवायचं आणि हँडब्रेक ओढायचा

वस्तुस्थिती : आधी काय घसरतंय ते ओळखावं लागतं.

पुढची चाकं घसरली तर तुम्ही स्टेअरिंग वळवलेलं असतं, पण गाडी सरळच जात राहते. अशा वेळी माणूस स्वाभाविकपणे स्टेअरिंग आणखी फिरवतो. त्याने उरलीसुरली पकडही जाते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टेअरिंग किंचित सरळ करा आणि चाकांना पकड मिळू द्या.

मागची चाकं घसरली तर गाडीची शेपटी बाजूला जाते. शेपटी उजवीकडे गेली तर स्टेअरिंगही उजवीकडे, डावीकडे गेली तर डावीकडे, तेही बेताने. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला. गाडी सरळ होऊ लागताच स्टेअरिंगही लगेच सरळ करा, नाहीतर शेपटी दुसऱ्या बाजूला आणखी जोरात फेकली जाते. नजर खांबावर किंवा दरीवर नको, जिथे जायचंय त्या मोकळ्या रस्त्यावर ठेवा. हात नजरेच्या मागे जातात. हँडब्रेक मागची चाकं जाम करतो, म्हणजे घसरण वाढवतो. क्रूझ कंट्रोल बर्फाळ रस्त्यावर मुळात लावूच नये.

पकड ही महिन्याच्या पगारासारखी आहे. सगळी ब्रेकवर खर्च केली तर वळायला काही उरत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा आणि मग वळायचं.

गैरसमज ७ : टायरमधली हवा कमी केली की पकड वाढते, ऑल-सीझन टायर सगळ्याला चालतात

वस्तुस्थिती : हवा कमी करण्याची युक्ती वाळूतली आहे. गोठलेल्या रस्त्यावर तिने गाडी डुलते आणि टायर खराब होतं. थंडीत हवा आपोआपच कमी होते; तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय. म्हणून ती तपासून भरायची असते.

नेहमीच्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. तीन शिखरं आणि मध्ये हिमकण असं चिन्ह टायरच्या कडेला असेल तर ते बर्फावरच्या चाचणीत उतरलेलं असतं. ते चारही चाकांना बसवायचं. फक्त दोन चाकांना बसवलं तर गाडीचा तोल बिघडतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने बंधनकारक आहेत. हिमाचलात चाकांना साखळ्या बांधतात. त्या इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना बांधायच्या आणि कोरडा रस्ता लागताच काढायच्या.

गैरसमज ८ : रस्त्यावर मीठ टाकलंय, आता काळजी नाही

वस्तुस्थिती : मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, पण साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांच्या खाली फारसं कामाचं राहत नाही. त्याला वेळही लागतो आणि पाऊस ते धुऊन नेतो. फोर्ट वर्थच्या त्या रस्त्यावरही अपघाताच्या दोन दिवस आधी मिठाचं पाणी फवारलेलं होतं.

गैरसमज ९ : अडकलो तर काचा बंद करून हीटर लावून बसू

वस्तुस्थिती : बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी गुंगी येते, मग जाग येत नाही. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक पर्यटक मेले; त्यांतल्या अनेकांच्या मृत्यूमागे हाच वायू असल्याचा संशय होता. म्हणून आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, तो पुन्हा पुन्हा तपासा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा.

हे सगळं वाचून एक गोष्ट लक्षात येईल. गाडी घसरल्यानंतर चालकाच्या हातात फार थोडं उरतं. खरे निर्णय आधीच झालेले असतात : किती वेगाने, किती अंतर ठेवून, कोणत्या टायरवर आणि मुळात निघायचं की नाही. पहिलं वर्ष असेल तर बर्फ पडल्यावर एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये कमी वेगात ब्रेक मारून पाहा, थरथरणारं पेडल पायाच्या ओळखीचं करून घ्या. आणि मनालीत टॅक्सीवाला ‘आज वर नको’ म्हणाला, तर ‘एवढ्या लांबून आलोय’ म्हणून त्याच्यावर दडपण आणू नका. त्याचं ऐका आणि तो दिवस खाली काढा.